खोली आहे, पण तुम्हाला नाही

मुंबईत स्वस्त भाड्याची घरं उरली नाहीत, ही ओरड साफ खोटी आहे. लालबाग, परळ, गिरगाव, माझगाव या पट्ट्यात महिना दीड-दोनशे रुपये भाड्याच्या खोल्या अजून हजारोंनी आहेत. स्टेशन चालत, बाजार दाराशी, आणि शेजारी इतके जवळ की हाक मारायच्या आधीच ते आत आलेले असतात. मी स्वतः अशाच एका खोलीत राहतो. अडचण एवढीच आहे की त्या खोलीत मी राहतो.

आणि मी हलणार नाही. माझ्या आधी वडील हलले नाहीत, त्यांच्या आधी आजोबा हलले नाहीत. आजोबा तर वारल्यावरही हलले नाहीत. भाडेपावती आजही त्यांच्याच नावाने फाटते. मालकाचा मेहता महिन्याच्या महिन्याला गुलाबी पावती घेऊन येतो, आजोबांचं नाव खणखणीत आवाजात वाचतो आणि विचारतो, "आहेत का?" आम्ही म्हणतो, "आहेत की." नाव बदलून घ्यायचं तर मालक ट्रान्सफरचे इतके पैसे मागतो की तेवढ्यात बदलापूरला जागा बुक होईल. तेव्हा आमच्या घराने सर्वानुमते आजोबांना जिवंत ठेवलं आहे. ते भाडं वेळेवर भरतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मालकाच्या वहीत त्यांच्याइतका सज्जन भाडेकरू दुसरा नाही.

हा चमत्कार मालकाच्या दानतीचा नव्हे, कायद्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढली, घरं वाढली नाहीत आणि मालकांनी भाडी चढवायला घेतली. तेव्हा सरकारने भाड्याला वेसण घातली. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तर काळच थांबवला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाणित भाडं. नंतर सोनं चढलं, तूरडाळ चढली, आमच्या जिन्याला चढता येईना इतका तो झिजला, भाडं मात्र तिथल्या तिथे. भाडेकरू खूश झाला आणि मालकाने रंगाचा ब्रश जो खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. चाळी कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारने कायदा करून दुरुस्तीचं मंडळ काढलं आणि त्यासाठी उपकर बसवला. म्हणून सरकारदरबारी आमच्या चाळीला 'उपकरप्राप्त इमारत' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटावं, इमारतीचा कुठे तरी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आहे.

शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की हे गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. दीडशे रुपयांवर चार टक्के म्हणजे सहा रुपये. आमच्या मालकाने त्या सहा रुपयांचं काय केलं ते मी विचारलेलं नाही, पण जिना रंगवला नाही एवढं नक्की. त्याच कायद्याने पागडीही अधिकृत केली. म्हणजे जी गोष्ट सगळे जण वर्षानुवर्षं टेबलाखालून देत होते, ती टेबलावर आली. टेबल मात्र मालकाचंच राहिलं.

माझं हे वैभव माझ्या डोळ्यांत भरलं ते भाचा चिपळूणहून मुंबईला नोकरीला आला तेव्हा. नोकरी लोअर परळला, बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. योगायोग असा की त्याच गिरणीत माझे आजोबा साचेखात्यात होते. पहिल्या भोंग्याला आजोबा अंथरुणातून उठत, दुसऱ्याला मोरीतून बाहेर येत आणि तिसऱ्याला गिरणीच्या दारात हजर असत. त्यांचा पणतू त्याच दारातून आत जातो, गळ्यात कार्ड अडकवून. फरक इतकाच की त्याला दारापर्यंत यायला कुठून निघायचं हेच ठरत नव्हतं.

आमच्याकडे ठेवून घ्यायचा विचार झाला नाही असं नाही. आमची खोली दहा बाय बारा. पोटमाळ्यावर मुलगा अभ्यास करतो, म्हणजे तिथून त्याचा आवाज येत नाही. खाली आम्ही नवरा-बायको, आई आणि मुलगी. मोरीत पाण्याचं पिंप, पिंपावर पाट, पाटावर मिक्सर. भाच्याची बॅग ठेवायला मिक्सर उचलावा लागला आणि मिक्सर ठेवायला आईला उठावं लागलं. भाचा गॅलरीत झोपू लागला. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, लहानपणी सुट्टीला तुझ्याकडेच यायचा ना रे तो!" यायचा खरा, पण तेव्हा तो तीन फुटांचा होता.

भाच्याचा पगार हातात चोवीस हजार. पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जावा, असं शहाणी माणसं सांगतात. त्या हिशेबाने आठ हजार. हा आकडा घेऊन आम्ही मामा-भाचे नाक्यावरच्या एजंटकडे गेलो. टपरीइतक्या ऑफिसात तीन मोबाइल आणि एक गणपती होता.

"बजेट?"

"आठ हजार."

"डिपॉझिट वेगळं ना?"

"भाडं आठ हजार. डिपॉझिट काय असेल ते बघू."

एजंटने मोबाइल खाली ठेवला. इतका वेळ त्याने तो कानाला लावून धरला होता. "सर," तो मायेने म्हणाला, "लालबागमध्ये आठ हजारात टू-व्हीलर लावायला जागा देतो. चालेल?"

भाच्याकडे टू-व्हीलर नव्हती, म्हणून तो व्यवहार बारगळला. पण एजंट मनाने वाईट नव्हता. 'एक आहे, बजेटपेक्षा थोडीशी वर' म्हणत त्याने किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि आम्हाला एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं.

खोली बघण्यासारखी होती. मूळची दहा बाय बाराच, आमच्यासारखी. मधोमध प्लायवूड ठोकून तिच्या दोन केल्या होत्या. प्लाय छतापर्यंत नेलं नव्हतं, वर हातभर जागा सोडली होती. त्याचं कारण पंखा. खोलीला पंखा एकच, आणि तो बरोबर वाटणीच्या रेषेवर लटकत होता. एक पातं आमच्या बाजूला यायचं तेव्हा उरलेली दोन पलीकडे फिरत असायची. रेग्युलेटर पलीकडच्या हिश्श्यात गेला होता.

"त्यांनी पंखा बंद केला तर?" भाच्याने विचारलं.

"करत नाहीत. हवा काय त्यांना लागत नाही?"

"आणि थंडीत?"

"मुंबईत कुठे थंडी, सर?"

खिडकीही वाटणीत पलीकडे गेली होती. आमच्या वाट्याला भिंतीवरची फळी आली होती, तिच्यावर कुणी तरी सोडून गेलेली लक्ष्मीची तसबीर आणि टूथपेस्टची चपटी ट्यूब. प्लायपलीकडून कुणी तरी खोकलं. भाच्याने सवयीने "पाणी घ्या" म्हटलं आणि पलीकडून "हां, थँक्यू" असं उत्तर आलं. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावर तीन, त्यांतला एक कायमचा कुलूपबंद. त्याची किल्ली कुणाकडे असते यावर चाळीत दोन पक्ष होते. नळाला पाणी पहाटे. भाडं चौदा हजार, डिपॉझिट पन्नास हजार आणि एका महिन्याचं भाडं एजंटला.

"करार कोणाशी करायचा?" मी विचारलं.

एजंट जरा घुटमळला. खोली पागडीची होती. जो भाडेकरू मालकाला महिन्याला एकशे ऐंशी रुपये देत होता, तोच अर्धी खोली चौदा हजाराला देत होता. स्वतः तो डोंबिवलीला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि चाळीतल्या गणपतीला वर्गणी द्यायला न चुकता येतो. पोटभाडेकरू ठेवणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे करारबिरार काही नव्हता. "मालकाच्या माणसाने विचारलं तर मावसभाऊ आहे म्हणून सांगायचं," एजंट म्हणाला. पलीकडचा खोकणारा माणूस आतेभाऊ होता.

गरीब भाडेकरूला मालकाच्या जाचातून सोडवण्यासाठी जो कायदा झाला, त्याच कायद्याच्या सावलीत तो भाडेकरू सुखाने मालक झाला. मी त्याला नावं ठेवणार होतो, पण आमच्या पोटमाळ्याचं भाडं सध्या काय येईल हा हिशेब माझ्या डोक्यात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच सुरू झाला होता.

चाळ नको तर सोसायटी, म्हणून शिवडीच्या बाजूला आम्ही एक वन आर के बघितला. तिथे खोली आम्ही बघायच्या आधी मालकीणबाईंनी आम्हाला बघितलं. आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, आणि बिस्किटाची बशी आमच्याकडे सरकवत त्यांनी चौकशीला सुरुवात केली. कांदेपोहे तेवढे नव्हते.

"लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग कठीण आहे. सोसायटी बॅचलर चालवून घेत नाही."

"बघतोय," भाचा म्हणाला. "पण मुलीकडचे पहिलं विचारतात, मुंबईत जागा आहे का?"

"बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही असं करा, लग्न करून या."

मग मासे शिजवणार का, रात्री उशीर होतो का, मित्र येतात का, मैत्रिणी येतात का, आल्या तर कधी जातात, असे प्रश्न झाले आणि सगळ्यात शेवटी, कप उचलता उचलता, हळूच तो प्रश्न आला. "आडनाव काय म्हणालात?" भाच्याने सांगितलं. बाईंनी ते मनात एकदा घोळवलं आणि गावही विचारून घेतलं.

या प्रश्नावर विनोद करायला माझी लेखणी जरा अडते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना डोकं टेकायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले, आणि ते कोण आहेत हे कळल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मुंबईत त्यांचा संसार झाला तो परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, कामगारांच्या शेजारात. आज कुणी लाठ्या घेऊन येत नाही. आज मालक अतिशय नम्रपणे म्हणतात, "आमचं काही नाही हो, सोसायटीचा नियम आहे." सोसायटीला विचारावं तर तिथे सांगतात, "आमचं काय, मालकाची मर्जी." हा नियम नक्की कुणाच्या घरी राहतो आणि काय भाडं भरतो, ते अजून कुणाला कळलेलं नाही. आडनाव मात्र त्यालाही विचारत असतील.

मालक एवढे धास्तावलेले का, याचं उत्तर त्या बाईंच्या यजमानांनी दिलं. ते आतल्या खोलीतून बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "१९७३." आम्हाला वाटलं, फ्लॅट घेतल्याचं साल सांगताहेत. पण ते सांगत होते कायद्याचं. त्या साली भाडे कायद्यात अशी दुरुस्ती झाली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर ज्या जागेत राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. थोडक्यात, त्या दिवशी ज्याचं बूड ज्या खोलीत, त्याची ती खोली. यजमानांच्या काकांनी काही महिन्यांसाठी म्हणून एकाला जागा दिली होती. काका गेले, पाहुण्यांचे नातू तिथे नांदताहेत. आता कायदा बदललाय, लायसन्सची मुदत संपली की मालकाला जागा परत मिळते, न सोडणाऱ्याला दुप्पट पैसे मोजावे लागतात, हे सगळं यजमानांना तोंडपाठ होतं. पण भीती कायद्याच्या पुस्तकातून निघून घराण्यात शिरली की दुरुस्ती विधेयकाने जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून अधिक घरं रिकामी निघाली, त्याला बाकी कारणं असतील ती असोत, काही कुलपांमागे असे काका नक्की आहेत.

या भीतीवरचा उतारा म्हणजे अकरा महिन्यांचा करार. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो, म्हणून पूर्वीच्या हुशार माणसांनी अकरा महिने शोधून काढले. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो नोंदवावाच लागतो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि न नोंदवल्यास कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे अकराचा उपयोग संपून पंचवीस वर्षं झाली. तरी करार अकराचाच होतो. अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येणारा पोऱ्याही विचारत नाही, त्याच्या लॅपटॉपवर अकरा आधीच भरलेले असतात. मला विचाराल तर अकरा महिने हा आता कायदा उरलेला नाही, तो विधी झाला आहे. बाराव्या महिन्यात भाडं दहा टक्के वाढवायचं आणि एजंटला पुन्हा दक्षिणा द्यायची.

मग मुंबईत आल्या आल्या आजोबांना जागा मिळाली कशी? त्यांचा पगार काही मोठा नव्हता आणि मुंबई तेव्हाही कुणाची मावशी नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनी कुठे शोधली? ते गाळ्यात उतरले." गिरणगावात एकेका गावाची खोली असायची. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, पिशव्यांना मालक. एका खोलीत वीस-तीस माणसं सहज असत, कारण ती सगळी एका वेळी नसत. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून वळकटीही तीन पाळ्यांत चाले. एक उठला की दुसरा त्याच ऊबेत आडवा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गोव्याच्या दर्यावर्दी माणसांची 'कुडं'ही अशीच. धोबीतलावच्या जेर महालात आणि माझगाव-डोंगरीकडे एकेका गोंयच्या गावाचा क्लब, पेट्यांची रांग, भिंतीवर देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्सची प्रार्थना म्हणायची. जहाज मिळेपर्यंत मुक्काम, भाडं नाममात्र. मुंबईत खऱ्या अर्थाने परवडणारी भाड्याची घरं कुणी चालवली असतील तर ती या मंडळांनी. ना एजंट, ना डिपॉझिट, ना अकरा महिने. अट एकच, तुमचं गाव तेच पाहिजे. शेजारच्या गावचा असलात तर जिन्याखाली झोपा.

सरकारनेही प्रयत्न केले, आणि त्यांत एक विलक्षण सातत्य आहे. १९२० च्या दशकात कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. भाडं कामगाराला झेपेना आणि सिमेंटच्या त्या खोल्यांचं रूपही कुणाला रुचेना, त्यामुळे पहिली काही वर्षं बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीला तर सत्याग्रही कैदी ठेवायची सोय झाली. इतक्या स्वस्त भाड्यात तिथे त्यानंतर कुणी राहिलं नसेल. पुढे २००८ साली एमएमआरडीएने गरिबांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली. नव्या शतकातली नवी योजना, म्हणून खोली किती? १६० चौरस फूट. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, पण गरिबाला किती जागा लागते या सरकारी मापात एका इंचाचा फरक पडला नाही.

त्या भाड्याच्या घरांचंही पुढे काय व्हावं? पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची घरं केली आणि २०१६ च्या सोडतीत ती गिरणी कामगारांना सहा लाखांना विकायला काढली. भाडं गेलं, विक्री आली. लोअर परळला साचा चालवलेल्या माणसाला घर लागलं ते पनवेलच्या बाजूला. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक पालिकेला आणि एक म्हाडाला द्यायचा, हा १९९१ चा नियम. २००१ साली त्यात बदल झाला आणि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे ठरलं. गिरणी उभी असलेली जमीन वाटणीतून सुटली. त्या सुटलेल्या जमिनीवर आज माझा भाचा कामाला जातो आणि तिथल्या तळमजल्यावर कॉफी पिऊ शकत नाही. एके काळी गृहनिर्माण मंडळ गाळे बांधून भाड्याने देत असे. ते गाळे पुढे भाडेकरूंनाच विकले. म्हाडाची सोडत निघते तीही विकत घ्यायच्या घरांची. अल्प उत्पन्न गट म्हणजे वर्षाला नऊ लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब. भाचा त्याच्याही खालच्या गटात बसतो. फॉर्म त्याला भरता येतो, कर्जाचा हप्ता भरता येत नाही.

हे सगळं बघून माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो विरार लोकलच्या दारातल्या कुणालाही आधीच पडलेला असतो. खाली फलाटावर असताना माणूस ओरडतो, "आत चला ना, आत रिकामं आहे!" पाऊल आत पडताच तोच वळून सांगतो, "कुठे चढताय? जागा आहे का?" मुंबईतला घरांचा प्रश्न एवढाच आहे. कायदा आला तो आत असलेल्यांसाठी, गाळा आणि कूड आतल्या गावकऱ्यांसाठी, सोसायटीचे नियम आतल्या सभासदांसाठी. वरळीच्या बीडीडीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं आत टिकून राहिले, त्यांना मिळाल्या, उत्तमच झालं. तेव्हापासून आमच्या चाळीत तर कुणी खोली दाखवतही नाही, की बघणाऱ्याची दृष्ट लागेल. आमचंही रिडेव्हलपमेंट होणार आहे, अशी पक्की बातमी माझ्या मुंजीपासून आहे. त्यामुळे आमच्या खोलीत आता आम्ही राहत नाही, आमचा टॉवरमधला फ्लॅट राहतो. आम्ही नुसते त्याला सोबत म्हणून झोपतो. बाहेरच्या माणसासाठी मात्र कुणीच काही केलेलं नाही. तो कोण आहे, हे त्याने आत आल्याशिवाय कळत नाही आणि आत आला की तो बाहेरचा राहत नाही.

भाच्याला अखेर जागा मिळाली ती डोंबिवली पूर्वेला. वन बीएचके, चार मुलांत मिळून, माणशी साडेतीन हजार. स्टेशनपासून शेअर रिक्षा आणि पुढे चालत. जाऊन येऊन दिवसाचे तीन-साडेतीन तास प्रवासात जातात. पणजोबांना भोंग्याचा हिशेब होता, पणतवाला ७.१४ च्या फास्टचा आहे. मालक भला आहे, पंखा पूर्ण आहे आणि त्याचा रेग्युलेटरही याच बाजूला आहे. बहिणीने नवस फेडला.

परवा तो जेवायला आला होता. चौघांतला एक पुण्याला बदली होऊन गेला, त्यामुळे एक कॉट रिकामी झालीय आणि माणसं बघायचं काम भाच्याकडे आलंय. फोन सारखा वाजत होता. एका हाताने बांगड्याचा काटा काढत दुसऱ्या हातात फोन धरून तो विचारत होता, "नोकरी पर्मनंट आहे का? गाव कुठलं? रात्री उशिरापर्यंत लाइट लागतो का? मित्र आणता का? नाही, आमच्याकडे चालत नाही. आडनाव काय म्हणालात?"

त्याने फोन ठेवला आणि मान हलवली. मी म्हटलं, "अरे, मुलगा बरा वाटत होता की."

"बरा आहे मामा, पण बघू. घाई त्याला आहे, आपल्याला कुठे आहे? खोली आपली आहे."

अकरा महिन्यांतले निम्मे संपलेत. बायकोने त्याला आणखी एक बांगडा वाढला आणि आमचा पोटमाळा कुणाला द्यायचा झाला तर तिथे माणूस कसा निवडावा, याबद्दल त्याचा सल्ला विचारला.